कमचीच्या मापाचे बूट

एका जखमी रानडुकराला शोधून संपवायचं, आणि तेही दिवस मावळायच्या आत, एवढ्यासाठी ते तिघं जंगलात शिरणार होते. हौस म्हणून नव्हे. मटणासाठी तर मुळीच नव्हे. करडीच्या पलीकडल्या त्या गावात धान पिकून पिवळं झालं होतं, आणि कापायला एकही बाई धानाच्या बांधीत पाय ठेवायला तयार नव्हती. त्याला कारण घडलं होतं. सत्यभामाबाई विळा घेऊन धुऱ्यावरून चालली असता धानातून ते डुक्कर उठलं, सरळ तिच्या अंगावर आलं आणि सुळ्याने मांडी फाडून नाल्याकडे पसार झालं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेताना ती पूर्ण शुद्धीवर होती आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती, "त्याले पयले कोनं दुखवलं?"

दुखवलं होतं इश्वरने.

पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायचा परवाना त्याच्याकडे होता आणि वडिलांच्या वेळची एकनळी बंदूकही होती. त्या संध्याकाळी धानात काळी पाठ हलताना दिसली आणि त्याने घाईत बार टाकला. साफ चुकला असता तरी बरं झालं असतं! गोळी पोटाच्या मागच्या अंगाला लागली, डुक्कर किंचाळून उधळलं आणि रक्त सांडत नाहीसं झालं. दुसऱ्याच सकाळी सत्यभामाबाई त्याच्या वाटेत आली. वनरक्षकाने येऊन पाहणी केली आणि बजावलं की जखमी जनावर मोकळं ठेवू नका, झुडपी जंगलात जाऊन शोधा. पण नाल्याच्या पलीकडल्या काठावर अभयारण्याचे खांब आहेत, त्यांच्यापुढे एक गोळी जरी गेली तरी थेट गुन्हा. इश्वरने मान हलवली. दोन रात्री त्याचा डोळा लागला नव्हता. उद्या दुसऱ्या कुणाची मांडी फाटली तर तेही आपल्याच नावावर, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बंदूक घेशील, कुऱ्हाड घेशील, ते ठीक. पायात काय घालशील?" डोमाने विचारलं.

डोमा म्हणजे इश्वरचा लहानपणापासूनचा सोबती. वरठीच्या पोलाद कारखान्यात तो कामाला होता, रोज मोटरसायकलने जाऊन येऊन करायचा, आणि कारखान्यात राहून पायांच्या बाबतीत फार कडक झाला होता. जेवायला वेळ झाला तरी चालेल, पण बुटाचा तळ झिजलेला त्याला खपत नसे.

"वरच्या पहाडीवर बांबू तोडून राहिले लोक. खुंट कसे रायतेत मालूम आहे ना? तिरपे, सुरीसारखे. तुया ह्या रबरी बुटातून आरपार जाईन. चाल भंडाऱ्याले, चांगले बूट घेऊ."

इश्वर बुटांच्या नावानेच धसकला. रानडुकराच्या नावानेही धसकला नव्हता एवढा.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण गावात ती फक्त इश्वरच्या बायकोला, चंद्रभागाबाईला, ठाऊक होती. इश्वरच्या दोन्ही तळपायांना काहीही जाणवत नसे. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी त्याला कुष्ठरोग निघाला. त्याने गोळ्या पूर्ण घेतल्या, रोग मेला, बरा झाल्याचं डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. तळव्यांची जाण मात्र गेली ती गेलीच. काटा असो, काच असो, विस्तव असो, त्या पायांना सगळं सारखं. सरकारी दवाखान्यातून त्याला मऊ काळ्या रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल मिळाली होती. तशी चप्पल कुणाच्या पायात असते हे साऱ्या मुलखाला पाठ, म्हणून इश्वरने ती एकदाही अंगणाबाहेर घातली नाही. लहानपणी त्याने हाच रोग झालेल्या आपल्या मोठ्या काकाला शेतातल्या झोपडीत एकटं राहताना पाहिलं होतं. काकाचं ताट दगडावर ठेवायचं आणि माघारी पळत सुटायचं. पळणाऱ्या पोरांत इश्वर होता, आणि डोमाही होता. म्हणूनच डोमाला हे कळू नये यासाठी त्याने आजवर जेवढा जीव टाकला होता, तेवढा धानासाठीही टाकला नसेल.

चंद्रभागाबाईने त्याला नीट शिकवून ठेवलं होतं. दवाखान्यातल्या बाईंनी तिला जे सांगितलं, ते ती देवाच्या पाठासारखं सांगत असे. "तुमाले कुठं लागते ते पाय सांगत नाही जी. डोयांनं पाहा लागते. बूट घालून चाला, मंग काढा, आन लाल झालं का पाहा. जिथं बसाल तिथं काढून पाहा." असं म्हणून तिने बांबूची एक कमची घेतली, त्याच्या पायाला लावली आणि विळ्याने बरोबर लांबीला तोडली. खेड्यात ही रीत जुनीच. स्वतः जायला जमलं नाही तर बाजारात जाणाऱ्याजवळ अशी कमची द्यायची, की तो तेवढं पायताण घेऊन येतो. पण देता देता तिने बजावलं, "कमची लंबाई सांगते. रुंदी नाही सांगत. घालूनच पाहा."

आणि दुकानात इश्वरने नेमकं उलट केलं.

भंडाऱ्याच्या त्या दुकानात डोमाने त्याच्यासमोर दोन जोड मांडायला लावले. एक होता कारखान्यात घालतात तसा, आखूड, रुंद, बोजड, तळव्यात पत्रा असलेला. दुसरा उंच, पोटरीपर्यंत वर जाणारा, तपकिरी चामड्याचा, फिती गच्च आवळायचा, दिसायला अगदी शिकाऱ्याचा. डोमा म्हणाला, पत्र्याचा घे, दिसते घाण पण खुंट शिरत नाही. दुकानदाराने स्टूल पुढे केलं. "बसा काकाजी, घालून पाहा. कुठं दाबते ते सांगा."

कुठं दाबते! इश्वरला काय कळणार होतं? स्टुलावर बसायचं म्हणजे मोजा काढायचा. मोजा काढायचा म्हणजे तळव्यावरचे जुने व्रण, घोट्याजवळचा काळा डाग, सगळं डोमाच्या नाकाखाली. त्याने खिशातून कमची काढली आणि बुटात घालून पाहिली.

डोमा हसला. "काडीनं कायले मोजतेस लेका? पाय घरी ठेवून आलास का?"

"पायाले चिखल हाये. नवा बूट कायले खराब करू." इश्वरने कमची बुटात फिरवली. लांबी बरोबर होती. "हाच. हा उंचवाला."

"अन् कम्फर्टेबल आहे का नाही ते?"

"एकदम मस्त," इश्वर म्हणाला.

दुकानदार खूश झाला आणि हा जोड दहा वर्षं हलत नाही म्हणाला. बूट असे निवडले गेले. चालायला सोयीचा कोणता हे इश्वर पाहातच नव्हता. झाकायला सोयीचा कोणता, एवढंच त्याने पाहिलं. उंच बुटात घोटाही झाकला जात होता.

सकाळी दव असतानाच तिघं निघाले. तिसरा होता भूपेंद्र, चंद्रभागाबाईचा धाकटा भाऊ. कापणीला हातभार लावायला सानगडीहून आलेला, अंगाने दणकट, बोलायला मोकळा, आणि भाऊजींवर फार माया असलेला. त्याच्याकडे कुऱ्हाड होती, डोमाकडे भाला, इश्वरकडे बंदूक आणि दोन काडतुसं. चंद्रभागाबाई दारात उभी राहून नवऱ्याच्या पायांकडे पाहत होती. दोघांच्या देखत बोलणार तरी काय?

माग सुरुवातीला सोपा होता. सुकून काळं पडलेलं रक्त धानाच्या बुडख्यांना, मग गवताला, मग चिलाटीच्या काटेरी जाळीला गुडघ्याच्या उंचीवर पुसलेलं दिसत होतं, कारण जखम डुकराच्या कुशीत होती आणि चालताना ती बाजूच्या झुडपांना घासत होती. इश्वर पुढे. माग काढायचं काम त्याला वडिलांनी शिकवलं होतं, आणि त्या कामात त्याचे डोळे पायांची कसर भरून काढत. ऐन, धावडा, साग मागे पडत गेले. उन्हं वर आली. मोहाच्या झाडाखाली डुकराने लोळून घेतलेली जागा सापडली, आणि तिथून माग उतरत उतरत थेट नाल्याच्या पाण्यात गेला.

तिथे तो संपला.

नाल्याच्या अल्याडच्या काठाला चिलाटीची इतकी दाट जाळी होती की आत हात घालायची सोय नव्हती. पल्याड उंच काठ, आणि त्यावर अभयारण्याचे पांढरे खांब ओळीने उभे. तिघांनी पाण्याकडेने वर-खाली बराच शोध घेतला. ओल्या मातीत बाहेर निघालेला एकही खूर दिसेना.

"पाण्यातनं वर चढून पहाडीवर गेलं असन," इश्वरने अंदाज बांधला. "मी अन् डोमा पहाडीले वळसा घालतो. भूपेंद्र, तू इथं करंजाखाली बस. वाट मोकळी दिसते इथनं. डुक्कर इकडं येत नाही, भिऊ नको. काही दिसलं त शिट्टी मार."

"मी कायले भिऊ, भाऊजी," म्हणत भूपेंद्रने करंजाला पाठ टेकली आणि कुऱ्हाड मांडीवर घेतली.

पहाडी काही मोठी नव्हती, पण वाईट होती. चढ दगडगोट्यांचा, आणि वर बांबूचं बन नुकतंच तोडलेलं. पालापाचोळ्याखाली खुंट दडून बसले होते. डोमा एकेक पाऊल भाल्याने चाचपून टाकत होता आणि मागे वळून सांगत होता, "पाहून चाल गा." इश्वर पाहूनच चालत होता. पण वर नजर टाकली नाही तर माग कसा सापडणार? एकदा पाऊल टाकलं आणि उजवा गुडघा विनाकारण अडखळला. पाय जमिनीत रोवल्यासारखा झाला. त्याने हिसडा दिला, पाय सुटला, आणि तो पुढे निघाला.

त्याला वाटलं, मुळी असेल.

पहाडीच्या मागच्या अंगाला पाण्याचा एक झिरा होता. तिथे ते भाकरी खायला बसले. डोमाने बूट काढले, मोजे काढून दगडावर वाळत घातले, बोटं ताणून उन्हात धरली आणि सुखाने उसासा टाकला.

"काढ ना बूट. हवा लागू दे पायाले."

"राहू दे. पुन्हा फिती बांधा कोन."

"अरे नवा बूट आहे, चावत असन."

"नाही चावत," इश्वर म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. जिथं बसाल तिथं काढून पाहा. बायकोचे शब्द त्याच्या कानात होते. उजवा बूट जरा जड लागतोय असंही त्याला चालताना वाटलं होतं. पण डोमाचे दोन्ही पाय तिथे हातभर अंतरावर होते, स्वच्छ, पुरे, प्रत्येक बोट आपापल्या जागी. त्या पायांशेजारी आपले पाय उघडे करायचे? इश्वरने पाय आणखी पोटाशी ओढून घेतले आणि भाकरी खाल्ली.

ते उठले आणि पहाडी उजव्या हाताला ठेवून चालत राहिले. डुकराचा केस नाही, खूर नाही, काही नाही. उन्हं कलायला लागली. इश्वरच्या मनातली आशा मागच्या मागे गळत होती. आज सापडलं नाही तर उद्या; उद्याही नाही सापडलं तर धान झडणार, आणि कुणाची तरी लेकरं आईविना राहणार. हे सगळं आपल्या एका घाईच्या बारामुळे.

आणि तेवढ्यात डोमा ओरडला, "रक्त!"

खरंच रक्त! बांबूच्या सावलीतल्या पाल्यावर लाल थेंब, पुढे दुसरा, तिसरा. एका सुकलेल्या पानाच्या वाटीत तर चांगलं चमचाभर साचलेलं, अजून ओलं. डोमाने बोट लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"ताजं आहे. जखम पुन्हा फुटली त्याची. पहाडीच्या मागं चाललं. चाल, आता सुटत नाही."

डोमा वाकून भराभरा पुढे निघाला. इश्वरही चार पावलं गेला. मग त्याचे डोळे, ज्यांना वडिलांनी शिकवून तयार केलं होतं, त्यांनी त्याला थांबवलं. रक्त फक्त जमिनीवर होतं. दोन्ही बाजूंच्या गवतावर काही नव्हतं. बांबूच्या कोंबांवर काही नव्हतं. सकाळी तर प्रत्येक झुडूप गुडघ्याच्या उंचीला पुसलेलं होतं. जनावराच्या कुशीतून गळणारं रक्त गवताला लागल्याशिवाय राहील कसं? आणि हे थेंब तर पावला-पावलावर, एका आड एक, एकाच बाजूला.

त्याने मागे पाहिलं. तोडलेलं बांबूचं बन. एका तिरप्या खुंटाचं टोक लाल झालेलं होतं.

मग त्याने खाली, स्वतःच्या उजव्या बुटाकडे पाहिलं. बूट उभा होता तिथल्या पाल्यावर नवा थेंब पसरत होता.

पहाडीचा पूर्ण वळसा झाला होता आणि ते आपल्याच वाटेवर परत आले होते. डुकराचं रक्त नव्हतंच. अर्धा दिवस तो आपल्याच रक्ताची वाट मागे सोडत चालला होता आणि पायाने त्याला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. पण त्याहून मोठी भीती पाठोपाठ आली. पहाडीवर रक्त नाही, म्हणजे डुक्कर पहाडीवर आलंच नाही. नाल्यातून ते बाहेर पडलंच नव्हतं. काठच्या त्या चिलाटीच्या जाळीत ते सकाळपासून दबून बसलं होतं, आणि त्याच्यापासून दहा हातांवर करंजाखाली भूपेंद्र बसला होता. भिऊ नको, असं सांगून त्याला आपणच बसवला होता!

"डोमा, परत चाल. भूपेंद्रकडं चाल."

"आता?" डोमाने वळून पाहिलं. "ताजं रक्त सोडून? अर्ध्या घंट्यात पकडतो त्याले."

"ते डुक्कर नाल्यात आहे. चाल."

"मंग हे काय आहे? तुले दिसत नाही का? भेलास का तू? दे बंदूक, मी जातो एकटा."

डोमाने हात पुढे केला होता. त्याला समजवायला एकच वाक्य पुरेसं होतं आणि ते वाक्य इश्वरने कैक वर्षं दातांखाली दाबून ठेवलं होतं. इश्वरला वाटलं, दुसरं काहीही सांगावं. चक्कर आली म्हणावं, पोटात कळ आली म्हणावं. पण डोमा रक्ताच्या मागे लागलेला माणूस होता, कळ-बिळ ऐकून थांबणारा नव्हता; आणि खाली करंजाखाली बायकोचा भाऊ होता.

"ते रक्त माझं आहे," इश्वर म्हणाला, आणि पाय वर करून बुटाचा तळ दाखवला.

तळाच्या मधोमध भोक होतं आणि त्यातून रक्त टपकत होतं. डोमाने वाकून पाहिलं.

"खुंट लागला? कवा?"

"मालूम नाही."

"मालूम नाही म्हंजे? दुखत नाही?"

"नाही."

एवढंच बोलणं झालं. त्या मुलखात न दुखणाऱ्या पायाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. डोमाच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गोष्टी सरकत गेल्या: दुकानातली कमची, झिऱ्यावरचे आवळलेले बूट, आणि बहुतेक दगडावर ठेवलेलं एक ताट. आणि मग, स्वतःच्याही नकळत, डोमा एक पाऊल मागे सरला.

खुंट लागला तेव्हा इश्वरला काही कळलं नव्हतं. हे पाऊल त्याला कळलं. आतपर्यंत कळलं.

त्याच क्षणी खालून शिट्टी ऐकू आली. एकदा. मग लांब. मग शिट्टी तुटली आणि भूपेंद्रची किंकाळी आली.

इश्वर पळत सुटला. दगड, खुंट, काटे, कशाचीच पर्वा नव्हती. रक्ताळलेला पाय धडधड आपटत होता आणि तक्रार करत नव्हता. मागून डोमा येतोय की नाही हे पाहायलाही तो थांबला नाही. उतार संपला. चिलाटीची जाळी फाटलेली दिसली. करंजाच्या फांदीला भूपेंद्र लोंबकळत होता, पाय पोटाशी घेऊन, सदरा फाटलेला, कुऱ्हाड खाली. आणि बुंध्याशी ते! केवढं धूड! मागचा पाय ओढत, तोंडाला फेस, सुळ्याने बुंध्याची साल सोलत होतं.

"भाऊजी!"

डुकराने मान वळवली. लाल डोळे. ते वळलं, आणि आलं.

इश्वरने बंदूक खांद्याला लावली, पाय रोवले. रोवले असं त्याला वाटलं. रक्ताने भरलेला बूट ओल्या दगडावर होता आणि दगड कसा आहे हे पायाला कळत नव्हतं. बूट सटकला. बार उडाला. गोळी डुकराच्या पुढ्यात चिखलात घुसली, चिखल उसळून त्याच्या तोंडावर आदळला, आणि डुक्कर दचकून तिरकं झालं. त्याचं अंग इश्वरच्या मांडीला घासून गेलं. एक उग्र वास. इश्वर उताणा पडला. त्याच्यावरून उडी टाकून कुणीतरी पुढे आलं, भाला रोखून, घसा फाटेस्तोवर ओरडत. तो डोमा होता.

डुक्कर पाण्यात शिरलं, पलीकडच्या काठावर कसंबसं चढलं, पांढऱ्या खांबापलीकडे गेलं आणि तिथे उभं राहिलं. आडवं. पुढे जायचं त्राण त्याच्यात नव्हतं. नळीत दुसरं काडतूस भरून इश्वर बसल्या जागी नेम धरून होता. एवढ्या जवळून आंधळ्याचाही नेम चुकला नसता.

"मार," डोमा धापा टाकत म्हणाला. "कोन पाहते इथं? मार, अन् ओढून अल्याड आनू."

इश्वरने बराच वेळ नळी हलवली नाही. सत्यभामाबाईची मांडी त्याच्या डोळ्यांपुढे होती, पिवळं धान होतं. मग त्याने बंदूक खाली केली.

"तिकडं मारलं त लपवा लागंन. माझ्याच्यानं आता आणखी काही लपवनं होत नाही."

डुक्कर हळूहळू सागाच्या सावलीत गेलं आणि दिसेनासं झालं.

भूपेंद्र झाडावरून उतरला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. तो भाऊजींना उठवायला पुढे आला आणि बुटातून गळणारं रक्त पाहून थबकला. काय झालं, दुखतं का, वगैरे त्याने विचारलं, इश्वरने जे होतं ते सांगितलं, आणि भूपेंद्रचा पुढे आलेला हात हळूच मागे गेला. "मी गावातून मान्सं आनतो," एवढं म्हणून तो निघून गेला. वनरक्षकाला निरोप द्यायलाही तो विसरला नाही; पोरगा वाईट नव्हता.

मागे दोघंच राहिले. नाल्याचं पाणी वाहत होतं. इश्वर मान खाली घालून फितीच्या गाठीशी झटत होता, पण गाठ रक्ताने आवळली होती. डोमा आधी लांबच उभा होता. मग तो आला, समोर बसला आणि फिती सोडवू लागला. बूट निघाला, मोजा निघाला, आणि मोज्याबरोबर जे निघालं ते पाहून डोमाने डोळे मिटून घेतले. तळव्याला आरपार भोक होतं. आणि अरुंद बुटाने बोटांची जी दशा केली होती ती भोकाहूनही वाईट होती. कमची रुंदी सांगत नाही.

डोमाने ओंजळीने पाणी घालून तो पाय धुतला. मग तो मांडीवर घेतला आणि आपला गमछा फाडून बांधला.

"इतके वर्सं," तो शेवटी म्हणाला. "मले सांगतलं असतं त."

"त तू मागं सरला असता."

गाठ मारून झाल्यावरही डोमाने पाय मांडीवरून खाली ठेवला नाही, माणसं येईपर्यंत.

वनरक्षकाला ते डुक्कर खांबापलीकडेच मेलेलं सापडलं. इश्वर जंगलात न जाता घरी बसला असता, तरीही ते मेलंच असतं. दवाखान्यात पडल्या पडल्या तो हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घोळवत असे. त्याच्या उजव्या पायाची बोटं सडली आणि पुढचा भाग कापावा लागला. गावातलं धान कापून झालं. इश्वरच्या बांधीतही बाया उतरल्या, नाही असं नाही, पण त्याच्या घरचं पाणी मागितलं नाही कुणी. पाण्याचे डबे आपापल्या घरून आणले. भूपेंद्र दुसऱ्याच दिवशी न जेवता सानगडीला निघून गेला होता. चंद्रभागाबाईने भावाला थांबवलं नाही, पण त्या रात्री तिने चूल पेटवली नाही. ज्या दिवसाच्या भयाने इश्वर इतकी वर्षं जगला होता, तो दिवस आला होता आणि जसा येईल असं वाटलं होतं तसाच आला होता. बूट मात्र दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे टिकाऊ निघाले. धुऊन वाळवून खुंटीला टांगलेले होते, आणि त्या एका भोकाशिवाय त्यांना काही झालं नव्हतं.

सुटीच्या दिवशी सकाळी डोमा अंगणात आला. पाय भरून आला होता आणि दवाखान्यातल्या बाईंनी नव्या मापाची चप्पल करायला माप मागवलं होतं. चंद्रभागाबाईने वळचणीतून ती जुनी कमची काढली आणि नवऱ्याच्या पायाला लावली. कमची पुढे निघाली. मग तिने अंगठ्याने खूण केली, विळा घेतला आणि कमची तोडली.

"आता रुंदी," डोमा म्हणाला. आणि त्याने दुसरी कमची घेऊन इश्वरच्या तळव्याला आडवी लावली, स्वतःच्या हाताने, आणि तीही तोडून घेतली.

दोन्ही कमच्या सदऱ्याच्या खिशात खोचून तो मोटरसायकलकडे गेला. गल्लीत शेजारचा नत्थू दात घासत उभा होता. त्याने विचारलं, "सकाय सकाय कुठं, डोमा?"

इश्वरने आतून ऐकलं आणि पाय पोटाशी ओढून घेतले. सवयच होती ती.

"इश्वरच्या चपला आनाले," डोमा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. "दवाखान्यातल्या. मागं पट्टा असलेल्या."

मोटरसायकल सुरू झाली आणि करडीच्या रस्त्याला लागली. इश्वरने त्याला हाक मारून थांबवलं नाही. चंद्रभागाबाईने अंगणात पडलेला कमचीचा तो बोटभर तुकडा उचलला आणि चुलीत टाकला.